बिब्ब्याची ओळख

दिवाळी सरून शेतात ज्वारीचा हुरडा भरू लागला, की अमरावती-अकोल्याच्या शहरवासी कुटुंबांस रानाची ओढ लागते. कोणी परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्यास जातात, कोणी अकोटकडून नरनाळ्याचा किल्ला पाहावयास निघतात, आणि ज्यांस लांबचा पल्ला जमत नाही ते पोहऱ्याच्या जंगलाच्या कडेला सतरंज्या पसरतात. नाताळच्या सुटीत या मंडळींत परदेशातून आलेली नातवंडेही असतात. त्यांतील अमेरिकेत वाढलेल्या मुलांस एक धडा तिकडे पक्का पढविलेला असतो: एका देठावर तीन पाने दिसली, की त्या झाडास हात लावू नये. ही तीन पानांची वनस्पती म्हणजे तेथील 'पॉयझन आयव्ही'. तिचा स्पर्श झाला असता अंगावर पुरळ उठते, फोड येतात आणि खाजेने जीव हैराण होतो. धडा त्या देशापुरता उत्तम आहे. परंतु तोच वऱ्हाडात लावावयास गेले, तर ही मुले बिचाऱ्या पळसापासून दूर पळतील आणि बिब्ब्याचे बोंड खुशाल खिशात घालतील.

पॉयझन आयव्ही आपल्या रानांत नाही. तिचा सख्खा नव्हे, तरी चुलत भाऊ मात्र आहे, आणि तो म्हणजे बिब्बा, वऱ्हाडी बोलीतला बिबा. दोघांचेही कुळ आंब्याचे. याच कुळात काजू आहे, चारोळीचे झाड आहे, आणि ज्याच्या चिकापासून जपानी लोक लाकडी भांड्यांवर चकचकीत रोगण चढवितात ते झाडही आहे. त्या रोगणास जपानीत 'उरुशी' म्हणतात, व त्यावरूनच पॉयझन आयव्हीतील दाहक तेलास 'उरुशिओल' हे नाव मिळाले. बिब्ब्याच्या तेलातील द्रव्ये रचनेने याच जातीची आहेत. कैरीचा चीक ओठास लागून ज्याचे तोंड उलले असेल, त्याने या कुळाचा सौम्य प्रसाद चाखलाच आहे.

हे नाते केवळ पुस्तकी नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर विचित्र पुरळ उठू लागले. कपडे ओळखू यावेत म्हणून परीट त्या काळी बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, आणि जेथे खूण तेथेच कातडीवर फोड, असा प्रकार होता. डॉक्टरांनी 1943 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. धुलाईस न जुमानणारी ती काळी खूण कातडीसही सोडीत नव्हती. या झाडाचे लॅटिन नाव 'सेमेकार्पस', म्हणजे खूण करणारे फळ. आपल्या पूर्वजांनी दिलेले एक नाव त्याहून नेमके आहे: 'अरुष्कर', म्हणजे व्रण करणारा. चरकाने भल्लातकास अग्नीची उपमा दिली आहे आणि त्याच श्वासात त्याचे रसायन म्हणून गुणही गायिले आहेत. शहरी वाचकांस यांपैकी गुणच अधिक आठवतात, ही खेदाची गोष्ट होय.

आता झाड ओळखावयाचे कसे? बिब्ब्याचे फळ पाहिले, की चुकण्यास जागा उरत नाही. काजूप्रमाणेच येथेही मांसल बोंड वर व बी खाली, उघड्यावर लोंबणारी. बोंड पिकले म्हणजे नारिंगी होते, आणि त्याच्या टोकास बोराएवढी काळी, तुळतुळीत, किंचित चपटी बी असते. हिवाळ्यात ही फळे तयार होतात, म्हणजे नेमकी सहलींच्या दिवसांत. मुलांस मोह पडावा असेच त्यांचे रूप असते. पिकलेले बोंड रानातील माणसे खातात, हे खरे. बीच्या आतील गोडंबी तर आपल्याही घरी लाडवांत पडते. पण बोंड आणि गोडंबी या दोन निरुपद्रवी वस्तूंच्या मध्ये बीचे जे कवच आहे, त्याच्या जाळीदार पोकळ्यांत ते जळजळीत तेल भरलेले असते. जाणत्या हाताने सोडविलेले बोंड खाणे वेगळे आणि अजाण मुलाने बीसकट दातांनी चावणे वेगळे.

खरी अडचण फळ नसताना येते. पाने मोठी, वीतभर ते दोन वितींपर्यंत लांब, टोकाशी रुंद व गोल, देठाकडे निमुळती, जाड, आणि फांदीच्या शेंड्याशी दाटी करून बसलेली. पान उलटून पाहिले, तर खालची बाजू फिकट राखट दिसते व मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंस समांतर शिरा ठळक निघालेल्या असतात. कडा अखंड असते, दाते मुळीच नसतात. परंतु शेंड्याशी पानांची दाटी करणारी झाडे मेळघाटात आणखीही आहेत, आणि सारा घोटाळा त्यांच्यामुळे होतो.

त्यांत पहिली कुंभी. तिची पाने दुरून हुबेहूब बिब्ब्याची वाटतात. पण कडेवरून दृष्टी फिरविली की बारीक दाते दिसतात, आणि थंडी वाढली की पाने तांबडी होऊन गळू लागतात. फळ हिरवे, पेरूसारखे, डोक्यावर फुलाच्या निदलांचा मुकुट राहिलेले. दुसरा मोह. त्याच्या पानास टोक असते, आणि पान खुडताच देठातून पांढरे दूध येते. तिसरे चाराचे झाड, ज्याच्या फळातून आपली चारोळी निघते. हे बिब्ब्याच्याच कुळातले, म्हणून चेहरेपट्टीही जुळते. मात्र पान बिब्ब्याच्या निम्म्याने लहान, खोडाची साल सुसरीच्या पाठीप्रमाणे चौकोनी भेगांची, आणि फळे उन्हाळ्यात येणारी, वाटाण्याहून जराशी मोठी. बिब्ब्याचे कोवळे रोप व चाराचे झाड यांत मात्र रोज रानात वावरणारा कोरकू गुराखीही क्षणभर थबकेल. अशा वेळी शहरी माणसाने आपल्या विद्येवर फार विसंबू नये.

पानापेक्षा रसाची साक्ष अधिक भरवशाची. अमेरिकेत पॉयझन आयव्हीसाठी जी परीक्षा करतात, ती येथेही उपयोगी पडते. पांढऱ्या जाड कागदाची घडी करावी, पान हाताने न खुडता त्या घडीतच धरून देठाशी मोडावे, आणि घडीवर दगड ठेवून दाबावे. हवा लागताच बिब्ब्याचा रस तपकिरी होऊन मग काळा पडतो. परटाची खूण पक्की होत असे ती याच गुणाने. मोहाचे दूध असे काळवंडत नाही. डाग काळा झाला की त्या झाडापासून दूर राहावे व कागद तेथेच मातीत पुरावा. घरी दाखविण्यासाठी खिशात घालून आणू नये. डाग पडला नाही, एवढ्यावरून झाड निर्दोष ठरते असे मात्र नव्हे, कारण सुकलेल्या पानात रसच नसतो. आणि काही वनस्पतींचे विष रसात नसून केसांत असते.

तशी वनस्पती म्हणजे खाजकुइली, आणि तिच्यापाशी तीन पानांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पळसाला पाने तीनच, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. पळस निरुपद्रवी, त्याच्या पत्रावळीवर पिढ्यान् पिढ्या जेवल्या. पळसवेल नावाची एक दांडगी वेल झाडांवर चढते, तिचीही पाने तशीच तीन, आणि तीही निरुपद्रवी. रानघेवड्याच्या वेलींसही तीन पाने. खाजकुइली याच शेंगाकुळातली. पानांवरून तिला घेवड्यापासून वेगळे काढणे नवख्यास जवळजवळ अशक्य. तिची ओळख फुलांनी व शेंगांनी पटते. पावसाळ्याच्या अखेरीस गडद जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात, आणि हिवाळ्यात इंग्रजी 'एस' अक्षराप्रमाणे वळलेल्या, मखमली सोनेरी-तपकिरी केसांच्या शेंगा धरतात. त्या मखमलीवर बोट फिरविण्याचा मोह लहानथोर सर्वांसच होतो. केस कातडीत टोचतात, त्यांतील द्रव्ये आत उतरतात आणि क्षणार्धात आग सुरू होते. वाळलेल्या शेंगेचे केस वाऱ्यानेही उडतात, म्हणून तिच्याखाली बसूही नये.

या दोहोंवरील उपचार एक नव्हे, हे ध्यानात ठेवावयास हवे. खाजकुइली लागली असता चोळू नये, चोळल्याने केस अधिक रुततात. चिकटपट्टी किंवा मळलेल्या कणकेचा गोळा हलकेच दाबून उचलावा, म्हणजे केस त्यास चिकटून निघतात, व नंतर साबणाने धुवावे. खेड्यांत शेण फासतात. केस निघण्यास चिकटपणाची मदत होते हे कबूल, परंतु खाजवून सोललेल्या कातडीस शेण लावणे म्हणजे धनुर्वातास निमंत्रण. बिब्ब्याचा रस लागला, तर एक क्षणही न दवडता साबण व भरपूर पाण्याने ती जागा धुवावी. कपडे, चाकू, नखे, सारे धुवावे, कारण तेल तेथे टिकून राहते आणि दिवसांनीही बाधते. खोबरेल लावण्याची जुनी रीत आहे. त्याने नंतर कातडीस मऊपणा येईल, पण धुण्याआधी लावले तर तेच तेल पसरेल.

बिब्बा 'उतला' असे आपण म्हणतो, ते कधी लगेच दिसते, कधी दोन दिवसांनी. दाट तेल कातडी थेट जाळते. थोड्या तेलाने मात्र शरीराच्या अंगच्या विरोधामुळे पुरळ उठते, आणि तो विरोध पहिल्या स्पर्शानंतर तयार होतो. म्हणूनच 'गेल्या वर्षी मला काहीच झाले नाही' हा दाखला निरुपयोगी आहे. आयव्हीने एकदा भाजलेला पाहुणा तर बिब्ब्यापुढे आधीच दुबळा असतो. फोडांतील पाण्याने रोग पसरतो, ही समजूत चुकीची. पसरते ते न धुतलेले तेल. तोंड सुजले, डोळ्यांभोवती अथवा अवघड जागी फोड आले, तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरकडे जावे. आणि पायात काटा मोडला, की बिब्बा तापवून त्याचा चटका देण्याचा जो परिपाठ अजून कित्येक घरांत चालतो, तो मुलांच्या बाबतीत तरी आता बंद झाला पाहिजे. काटा निघून जातो, व्रणाचा काळा वण जन्मभर राहतो. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

झाडाच्या सावलीत बसल्यानेही बिब्बा उततो, असे पुष्कळ सांगतात. नुसत्या सावलीत काही नाही. तुटलेल्या फांदीचा रस ठिबकत असेल, तर मात्र आहे. याउलट ज्याची भीती बाळगावयास हवी, त्याकडे कोणाचे लक्ष नसते. हुरडा भाजण्यासाठी मुले रानातून हाताला लागेल ते सरपण गोळा करतात. त्यात बिब्ब्याची फांदी किंवा दोन-चार बिब्बे आले, तर धुराबरोबर ते तेल डोळ्यांत, घशात व छातीत जाते, आणि तेथे साबण चालत नाही. हुरड्यास गोवऱ्या घरूनच न्याव्यात.