विश्लेषण : घरचा फोटो व्यवसाय स्टुडिओत न्यायचा, पण कर्ज कोणत्या दाराने?

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातले गाव. गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे लग्नाची ऑर्डर एकदा नवापूरची तर दुसऱ्यांदा उच्छल-सोनगडची. अशा गावात फोटोग्राफीचा व्यवसाय बहुधा घरातूनच सुरू होतो. एक कॅमेरा, एक लॅपटॉप आणि पुढच्या खोलीत भिंतीला लावलेला पांढरा पडदा. काम वाढले की बाजारपेठेत गाळा, लाइट, प्रिंटर यांचा विचार सुरू होतो आणि विषय कर्जावर येऊन थांबतो.

इथे पहिलीच अडचण चमत्कारिक आहे. बँकेचा अधिकारी विचारतो, ‘व्यवसाय किती वर्षांपासून चालू आहे?’ अनुदानाच्या योजनेचा अधिकारी विचारतो, ‘व्यवसाय नवीनच आहे ना?’ घरून काम करणाऱ्याला दोन्हीकडे अर्धवट उत्तर द्यावे लागते. काम चार वर्षांचे असते, कागद एकाही वर्षाचा नसतो. अनेक अर्ज अडतात ते इथे.

अनुदान हवे, तर व्यवसाय ‘नवा’ लागतो

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, २००८-०९ पासून सुरू आहे. सेवा क्षेत्रातल्या प्रकल्पासाठी त्याची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांगांना ३५ टक्के अनुदान मिळते. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि विशेष गटाला ५ टक्के भरावा लागतो. सेवा क्षेत्रात प्रकल्प पाच लाखांच्या वर असेल तर अर्जदार किमान आठवी उत्तीर्ण हवा.

उदाहरण घेऊ. चिंचपाड्यातल्या एखाद्या आदिवासी तरुणीने आठ लाखांचा स्टुडिओ प्रकल्प मांडला. तिचा हिस्सा ४० हजार. बँक ७ लाख ६० हजार देणार. अनुदान २ लाख ८० हजार. हे अनुदान तिच्या हातात येत नाही, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. ते बँकेत तिच्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत पडून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जातल्या तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. तीन वर्षे स्टुडिओ चालू असल्याची पडताळणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. ‘पैसे मिळाले, आता गाळ्याचे डिपॉझिट भरू’ असा हिशेब करणाऱ्यांची म्हणूनच फसगत होते. जमिनीची किंमतही या प्रकल्प खर्चात धरता येत नाही.

आणि अट अशी की, मदत फक्त नव्या प्रकल्पाला. आधीच्या सरकारी योजनेतून उभा राहिलेला किंवा अनुदान घेतलेला व्यवसाय अपात्र ठरतो. शनिवार-रविवारी हौसेने कॅमेरा चालवणारा, ज्याच्या नावावर कसलीच नोंदणी नाही, तो स्टुडिओ नवा प्रकल्प म्हणून मांडू शकतो. पण ज्याच्याकडे फोटोग्राफीची उद्यम नोंदणी आहे, दोन वर्षांचे आयकर विवरण आहे, त्याने ‘नवा’ म्हणून अर्ज करणे धोक्याचे. सगळे कागद एकाच पॅनशी जोडलेले असतात. अर्ज भरण्याआधी नंदुरबारच्या जिल्हा उद्योग केंद्रात ही बाब सरळ सांगून विचारणा करणे, हा सर्वात स्वस्त उपाय आहे.

राज्य सरकारचा २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर चालतो आणि ग्रामीण भागातल्या अनुदानाची टक्केवारी तीच, २५ आणि ३५. केंद्राच्या योजनेची सध्याची रचना २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी मंजूर झाली होती. त्यामुळे दोन्ही योजना अर्जाच्या दिवशी कोणत्या मर्यादेने चालू आहेत, हेही त्याच खिडकीवर विचारून घ्यावे.

चालू व्यवसाय वाढवायचा, तर मुद्रा

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेला जुन्या-नव्याचे वावडे नाही. ५० हजारांपर्यंत शिशू, तिथून पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. तरुण गटातले कर्ज व्यवस्थित फेडणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गट आला आहे. घरून काम करणाऱ्या छायाचित्रकाराची गरज बहुतेक वेळा किशोर गटात बसते.

मुद्रा म्हणजे अनुदान, हा समज गावोगाव पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. इथे एक रुपयाचीही सूट नाही. व्याजदर बँक ठरवते. सरकारची पतहमी असते ती बँकेच्या बुडीत रकमेसाठी. हप्ते थकले तर वसुली कर्जदाराकडूनच होते आणि पतनोंद त्याचीच खराब होते.

तरीही मुद्राचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. पीएमईजीपीत चालू व्यवसायाच्या विस्तारासाठी दुसऱ्या कर्जाची तरतूद आहे. ती मुद्रातून उभ्या राहिलेल्या व्यवसायांनाही लागू आहे. पहिले कर्ज वेळेवर पूर्ण फेडलेले असावे आणि व्यवसाय नफ्यात असावा, अशा अटी आहेत. सेवा क्षेत्रासाठी मर्यादा २५ लाख, अनुदान १५ टक्के. आज दोन लाखांचे मुद्रा कर्ज घेऊन लाइट आणि प्रिंटर घ्यायचा, ते फेडायचे आणि गाळ्याचा विचार नंतर करायचा, हा मार्ग हळू आहे. पण घरच्या व्यवसायाला तो सर्वात जास्त मानवतो.

आदिवासी अर्जदारांसाठी तिसरे दार

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. या समाजासाठी नाशिकचे शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाच्या योजना राबवते. त्यातल्या महिला सशक्तीकरण योजनेत दोन लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ९० टक्क्यांपर्यंत कर्ज चार टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. दोन लाखांत स्टुडिओ उभा राहत नाही, हे खरे. पण एक चांगला कॅमेरा किंवा लाइट आणि प्रिंटरची जोडी येते. इथे जात प्रमाणपत्र आणि जामीनदार हे दोन कागद आधी जमवावेत. वेळ जातो तो त्यातच.

रोखीचे उत्पन्न बँकेला दिसत नाही

योजना कोणतीही निवडा, बँकेच्या टेबलावर प्रश्न एकच असतो. हा माणूस महिन्याला किती कमावतो, आणि ते दिसते कुठे? लग्नाच्या ऑर्डरचा आगाऊ पैसा रोखीने, उरलेला अल्बम देताना रोखीने आणि खात्यात महिन्याला दोन-तीन हजारांची हालचाल. वर्षाला तीन लाखांचे काम करणारा माणूस पासबुकात तीस हजारांचा दिसतो. बँक पासबुकावर विश्वास ठेवते, त्यात तिचा दोष नाही.

म्हणून कर्जाची तयारी अर्जाच्या निदान वर्षभर आधी सुरू व्हायला हवी. व्यवसायाच्या नावाने चालू खाते. प्रत्येक ऑर्डरची रक्कम यूपीआयने किंवा रोख आली तरी त्याच खात्यात. पावती पुस्तक. लग्नाच्या ऑर्डरचा एका पानाचा करार, ज्यात तारीख, रक्कम आणि आगाऊ रक्कम लिहिलेली असेल. उत्पन्न करपात्र नसले तरी आयकर विवरण भरलेले असेल तर अर्जाचे वजन वाढते. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते, घरचा पत्ता चालतो. छायाचित्रणाचा व्यवसाय त्यात ७४२० या वर्गात येतो. मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना दिली तरी पुरते. तीच ‘शॉप अ‍ॅक्टची पावती’ म्हणून बँकेत दाखवली जाते.

सीमेवरच्या गावांत जीएसटीची भीती उगाच पसरलेली असते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. सोनगडला जाऊन लग्न शूट केले, म्हणजे राज्याबाहेर सेवा दिली, तरीही ही सूट लागू राहते.

पतनोंदही आधी पाहून घ्यावी. प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देते. हप्त्यावर घेतलेला मोबाइल किंवा घरातल्या कोणासाठी राहिलेली जामीनकी तिथे अचानक समोर येते. नोंदच नसेल तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे.

पाच लाख की तीन लाख?

कर्ज किती मिळेल, याची चौकशी सगळे करतात. किती झेपेल, याची फार थोडे. समजा, एका हंगामात १२ लग्ने आणि प्रत्येकी २५ हजार रुपये धरले. तीन लाख झाले. मदतनीस, अल्बम, प्रवास, दुरुस्ती यांत निम्मे गेले तर उरतात दीड लाख. आता पाच लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १० हजार ८७१ रुपये, वर्षाला १ लाख ३० हजार. गाळ्याचे भाडे अजून द्यायचेच आहे आणि हाती वीस हजारही नाहीत. तेच कर्ज तीन लाखांचे असेल तर हप्ता ६ हजार ५२३ आणि वर्षाला ७८ हजार. हा फरक फार मोठा आहे.

शिवाय हप्ता बारा महिने, लग्नसराई मात्र काही महिन्यांची. पावसाळ्यात लग्नाचे काम जवळजवळ थांबते. डिसेंबरात नाताळ, मग लग्ने, होळी, जूनमध्ये शाळा प्रवेशाचे पासपोर्ट फोटो, अशी या भागातली कमाईची चढउतार असते. ती महिनावार तक्ता करून प्रकल्प अहवालातच लिहावी आणि पहिला हप्ता हंगामात पडेल एवढी सुरुवातीची सवलत मागावी. पीएमईजीपीत अशा सवलतीनंतर तीन ते सात वर्षांची परतफेड ठरवता येते. आणखी एक गोष्ट छोट्या व्यावसायिकांच्या बाजूने बदलली आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या ५० लाखांपर्यंतच्या व्यवसाय कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. हंगाम चांगला गेला तर जास्तीची रक्कम भरून टाकता येते.

पैसा कशावर खर्च होणार, हेही अधिकारी पाहतो. काचेचा दर्शनी भाग, छताची सजावट आणि एसी यांनी कोटेशन भरलेले असेल तर अहवाल कमकुवत पडतो. आधार, पासपोर्टसाठी आता बहुतेक ठिकाणी फोटो खिडकीवरच काढतात, त्यामुळे स्टुडिओत पायी येणारे गिऱ्हाईक पूर्वीइतके राहिलेले नाही. दुसरा कॅमेरा, लाइट, अल्बमची छपाई यांतून परत येणारा पैसा मोजून दाखवता येतो. ड्रोनचे मात्र जपून. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन लग्नाच्या धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. स्वतंत्र गाळ्याला विजेचा व्यावसायिक दर लागेल, तोही खर्चात धरावा.

तारणाचा प्रश्न

ठरावीक मर्यादेपर्यंतच्या सूक्ष्म व लघु उद्योग कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नवापूरसारख्या अनुसूचित क्षेत्रात तो विशेष कामाचा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधने आहेत, त्यामुळे बँका अशा जमिनीच्या तारणाला फारशा उत्सुक नसतात. गावठाणातल्या जुन्या घरांना तर वर्षानुवर्षे मालकीचा धड कागदच नसतो. २०२० च्या स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती जोडावी. गाळा भाड्याचा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार हवा आणि त्याची मुदत कर्जाच्या मुदतीच्या जवळपास असावी. अकरा महिन्यांच्या करारावर पाच वर्षांचे कर्ज मागणे अवघड जाते.

‘नाही’ म्हटले तर?

अर्ज तोंडी परतवला गेला तर त्याला काही अर्थ नाही. अर्ज जनसमर्थ पोर्टलवर किंवा शाखेत लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नाकारल्यास कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. ते कारण हातात असेल तर दुसऱ्या बँकेत जाण्याआधी काय दुरुस्त करायचे हे कळते. मंजुरी मिळाल्यास सही करण्यापूर्वी मुख्य तथ्य विवरण मागावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे सक्तीचे आहे आणि त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा व्याजभार लिहिलेला असतो. मंजुरीआधी सामान खरेदी करू नये. ते प्रकल्प खर्चात धरले जाईलच असे नाही.

मुद्रासाठी किंवा पीएमईजीपीसाठी सरकारने कोणताही दलाल नेमलेला नाही. ‘फाइल पास करून देतो’ म्हणत आधी पैसे मागणाऱ्याला ते द्यायचे कारण नाही. तक्रार आधी शाखेकडे, मग जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे करता येते. लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठीचा संपर्क क्रमांक १४४४८ आहे.