जकातीचे मुखत्यारपत्र

१९२९ साली अमेरिकेतून कॅनडात सुमारे ९ लाख १९ हजार डझन अंडी गेली. १९३२ साली हाच आकडा ८ हजार डझनांच्याही खाली उतरला. मधल्या काळात अमेरिकेने परदेशी अंड्यांवरील जकात डझनामागे ८ सेंटांवरून १० सेंटांवर नेली होती, आणि तोवर ३ सेंटांवर समाधान मानणाऱ्या कॅनडानेही आपली जकात तितकीच, म्हणजे १० सेंट, करून टाकली होती. दोन सेंटांचे जादा संरक्षण मिळवण्याच्या भरात अमेरिकेच्या कुक्कुटपालकाने शेजारची सबंध बाजारपेठ गमावली. आज अमेरिकेच्या अध्यक्षांचे एखादे जकातीचे फर्मान निघते आणि दूरदूरच्या बंदरांतील व्यापाऱ्यांची झोप उडते, त्याचा उगम शोधू लागलो की मी वारंवार या अंड्यांपाशी येऊन थांबतो. कारण अध्यक्षांच्या हाती हा अधिकार येण्यास सुरुवात झाली ती याच प्रकरणाच्या पश्चात्तापातून.

हे प्रकरण ज्या कायद्याचे, तो युटाचे सिनेटर रीड स्मूट आणि ओरेगनचे प्रतिनिधी विलिस हॉली या आपल्या दोन प्रवर्तकांच्या नावाने ओळखला जातो. शेतमालाच्या पडत्या भावांनी गांजलेल्या शेतकऱ्याला जकातीचा आधार देण्याचे वचन हर्बर्ट हूव्हर यांनी १९२८ च्या निवडणुकीत दिले होते, आणि हेतू तेवढाच राहता तर कदाचित अनर्थ टळता. परंतु मसुदा काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतून फिरू लागला, तेव्हा ज्याच्या मुलखात साखरेचे बीट पिकत होते त्याने साखर, ज्याच्याकडे जोड्यांचे कारखाने होते त्याने पादत्राणे, असा जो तो आपापला जिन्नस यादीत घालून घेऊ लागला, आणि तुझ्या मालाला माझे मत, माझ्या मालाला तुझे, या देवाणघेवाणीत शेतकऱ्याच्या नावाने निघालेले विधेयक कारखानदारांच्या मागण्यांनी फुगत गेले. १९३० च्या मे महिन्यात १,०२८ अर्थशास्त्रज्ञांनी सह्यांनिशी विनवले की हे पाऊल उचलू नका. १३ जूनला सिनेटमध्ये ४४ विरुद्ध ४२, अशा अवघ्या दोन मतांनी विधेयक तरले. १७ जूनला हूव्हर यांनी त्यावर सही केली. मग कॅनडाचाच मार्ग इतरही देशांनी धरला. १९२९ मध्ये सुमारे ५२० कोटी डॉलर असलेली अमेरिकेची निर्यात १९३२ मध्ये १६० कोटींवर आली. या पडझडीचे सारे खापर जकातीच्या माथी फोडणे मात्र अन्यायाचे होईल. बँका बुडत होत्या, सुवर्णचलनाच्या बेडीने सरकारांचे हात जखडले होते, आणि महामंदीची ही कारणे जकातीपेक्षा कितीतरी बलवत्तर होती. बुडत्याच्या पायाला जकातीने आणखी एक धोंडा बांधला, इतके खात्रीने म्हणता येते.

संरक्षक जकात मुळातच त्याज्य, असे मला म्हणावयाचे नाही. बाल्यावस्थेतील उद्योगांना सरकारने हात द्यावा, हे अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ च्या आपल्या अहवालात मांडले होते. आणि आपल्याकडे १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, इंग्लंडचे खुल्या व्यापाराचे शास्त्र सर्व देशांना सारखेच लागू पडत नाही, हे न्यायमूर्ती रानड्यांनी सांगितले, तेव्हा त्यांनीही अमेरिकन आणि जर्मन विचारवंतांकडे बोट दाखवले होते. प्रश्न जकात असावी की नसावी यापेक्षा ती बसवावी कोणी, हा आहे, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेने त्याचे उत्तर पहिल्याच अनुच्छेदाच्या आठव्या कलमात देऊन ठेवले आहे: कर आणि जकाती बसवण्याचा अधिकार काँग्रेसचा. म्हणूनच तिथली जकातीची भांडणे लोकप्रतिनिधींच्या सभागृहात झाली, आणि त्यांचा निवाडा मतदारांनी केला. सध्याचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प ज्यांचा गौरव करतात त्या विल्यम मॅकिन्ली यांनी १८९० साली प्रतिनिधी असताना उंच जकातींचा कायदा घडवला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने सभागृह आणि खुद्द त्यांनी आपली जागा गमावली. पुढे अध्यक्ष झालेले हेच मॅकिन्ली ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो येथील आपल्या अखेरच्या भाषणात परस्पर सवलतींच्या व्यापारकरारांचा पुरस्कार करीत होते, ही गोष्ट त्यांचे नाव घेताना सहसा सांगितली जात नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

स्मूट-हॉली कायद्याने पोळलेल्या काँग्रेसने १९३४ साली जे केले ते त्या घटकेला शहाणपणाचेच होते. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांचा आग्रह असा की, जिथे प्रत्येक सभासद आपापल्या मतदारसंघाच्या मालासाठी भांडणार तिथे जकात कधीच उतरणार नाही. तेव्हा इतर देशांशी करार करून जकाती निम्म्यापर्यंत कमी-जास्त करण्याचे जणू मुखत्यारपत्रच काँग्रेसने अध्यक्षांच्या नावे लिहून दिले. ते दिले होते जकाती उतरवण्यासाठी, आणि कैक वर्षे त्याचा उपयोग तसाच झाला. परंतु अधिकार सोपवण्याची वहिवाट एकदा पडली की ती हेतूच्या कुंपणात राहत नाही. १९६२ साली राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून आयातीला आवर घालण्याची तरतूद झाली. १५ ऑगस्ट १९७१ रोजी रिचर्ड निक्सन यांनी आणीबाणी जाहीर करून जकातपात्र आयातीवर १० टक्क्यांचा अधिभार लावला. आणि १९७७ साली आणीबाणीतील आर्थिक अधिकारांचा जो कायदा झाला, त्यात आयातीच्या ‘नियमना’ची सत्ता अध्यक्षांना मिळाली, पण जकात हा शब्द त्यात कुठेही घातला गेला नाही.

याच कायद्याचा आधार घेऊन २०२५ साली ट्रम्प यांनी देशोदेशींवर जकाती लादल्या, आणि २७ ऑगस्टपासून भारताच्या बहुतेक मालावरील हा जादा बोजा ५० टक्क्यांवर गेला. मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रात हिऱ्याला कोंदण करणाऱ्या कारागिराला अमेरिकेच्या घटनेचे आठवे कलम ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला ठाऊक असते ते एवढेच की, तिकडची मागणी आटली म्हणजे इकडचे काम थांबते. त्याच्या कामाचा निर्णय चर्चेविना, मतदानाविना, एका सहीने व्हावा, याचे मला मनस्वी दुःख होते.

दिलेले मुखत्यारपत्र काँग्रेस परत का घेत नाही? १९७६ च्या कायद्यानुसार दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताच्या ठरावाने आणीबाणी संपुष्टात आणता येत होती आणि त्याला अध्यक्षांची सही लागत नव्हती. परंतु अशा धाटणीचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली, परदेशी नागरिकाच्या हद्दपारीच्या एका अगदी निराळ्या खटल्यात, घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून अधिकार द्यायला साधे बहुमत पुरते, आणि तो अध्यक्षांच्या इच्छेविरुद्ध काढून घ्यायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. २ एप्रिल २०२५ रोजी सिनेटने कॅनडावरील जकातींमागची आणीबाणी संपवण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केला. १९३० साली दोन मतांच्या आधिक्याने अमेरिकेच्या जकाती चढल्या होत्या; या वेळी तीन मतांच्या आधिक्याने त्या एका सेंटानेही उतरल्या नाहीत.