तीन दहाची गाडी

डोंबिवलीत माणसाची ओळख आडनावाआधी गाडीवरून होते. मी १९९४ पासून 'आठ चौदावाला'. त्यामुळे 'थ्री टेन टू युमा' हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तीन दहाची गाडी. चुकली की संपलं.

डेल्मर डेव्ह्जचा हा १९५७ चा वेस्टर्न, एल्मोर लेनर्डच्या कथेवरचा. दुष्काळाने गांजलेला शेतकरी डॅन इव्हान्स दोनशे डॉलर मिळणार म्हणून बेन वेड नावाच्या दरोडेखोराला युमाच्या तुरुंगाच्या गाडीत बसवून द्यायला निघतो. हॉटेलच्या खोलीत दोघं गाडीची वाट बघत बसतात. वेड गोड बोलून त्याला पैशाची लालूच दाखवत राहतो आणि शेवटी गोळ्या सुटत असताना आपणहून डब्यात उडी मारतो. का मारतो, यावर जाणकारांनी भरपूर लिहिलंय. २००७ मध्ये रसेल क्रो आणि ख्रिश्चन बेल यांना घेऊन पुन्हा काढलेल्या चित्रपटात हेच जरा जास्तच समजावून सांगितलंय. मला जुनाच बरा वाटतो. २०२५ च्या जूनमध्ये तो परत पाहिला, मुंब्र्याचा अपघात झाला त्याच आठवड्यात.

९ जून २०२५, सोमवार सकाळ. मुंब्र्याच्या वळणावर दोन फास्ट गाड्या शेजारून गेल्या, दारातली माणसं आणि त्यांच्या पाठीवरच्या सॅका एकमेकांना घासल्या आणि माणसं खाली पडली. चौघांचा त्या दिवशी जीव गेला. संध्याकाळी टीव्हीवर मंडळी विचारत होती, दारात लटकतातच कशाला? विचारणारे गाडीने आले असणार. चार चाकांच्या.

१८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी, ते चौतीस किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे हे दर १६ एप्रिलला छापून येतं. २०२५ मध्ये तर विजेवरच्या गाडीची शंभरीही झाली. ते सगळं सोडतो. मला सांगायची आहेत ती १९९४ ते २००५ ही वर्षं.

अंबरनाथ फास्ट डोंबिवलीत यायची ती दारं भरूनच. "डोंबिवलीवाल्यांनी डोंबिवली लोकल पकडा," हे वाक्य आम्ही रोज ऐकायचो, संध्याकाळी तर जास्तच. एकदा आमची नेहमीची गाडी रद्द झाली म्हणून मी त्या फास्टमध्ये घुसलो. दांड्याला उल्हासनगरचा एक सिंधी गृहस्थ उभा होता, मुळजी जेठा मार्केटमध्ये सेल्समन. त्याचा ग्रुप त्याला 'शेठ' म्हणायचा. मी कोपर घातलं, त्याने माझी कॉलर धरली. वरचं बटण तुटून फलाटावर पडलं, गाडी सुटली, माझं निम्मं अंग बाहेर. कोपर स्टेशन गेलं, दिवा गेलं, कॉलर त्याच्या मुठीतच. मग पारसिकचा बोगदा आला. तोंडावर दमट, थंडगार वारा, आणि अंधारात अख्खा डबा सवयीने ओरडला. शेठही ओरडला, पण मूठ सैल केली नाही. ठाणं आल्यावर सोडली. "बटन का पैसा नहीं दूंगा," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच गाडीला जाऊ लागलो. बायकोला वाटलं मला वेड लागलंय.

आम्ही संत नव्हतो, हेही सांगतो. रुमाल टाकून जागा अडवायचो. ठाण्याला उतरणाऱ्याला मुद्दाम वाट द्यायचो नाही. एका बाजूला ब्रीफकेसवर पत्ते, दुसऱ्या बाजूला भजन, आणि चौथ्या सीटवर कोण बसणार यावरून महाभारत. दसऱ्याला मात्र डब्याला झेंडूचं तोरण बांधायचो आणि शेठ सगळ्यांना पेढे वाटायचा. एरवी त्याचा-माझा काय संबंध! मी फोर्टमधला कारकून, डोंबिवली पूर्वेतला, व्याख्यानमालेला जाणारा. त्याच्या घरी मी कधी गेलो नाही, तो माझ्याकडे आला नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. आम्ही रुळात उतरलो. शेठच्या डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं साड्यांच्या सॅम्पलचं गाठोडं. छत्रीने खडी चाचपत तो पुढे चालला होता आणि मागून मी त्याची कॉलर धरली होती. मुलुंडला चाळीतल्या बायकांनी चहा दिला, तोवर माझ्या एका पायात चप्पल उरली होती. त्या सगळ्या वाटेत तो फक्त पत्त्यांबद्दल बोलला. १९९८ मध्ये मी एक हुकूम दाबून ठेवला होता म्हणे. ठेवला होता. ठाण्याला रात्री दोनला पोचलो.

त्याच वर्षी निशिकांत कामतचा 'डोंबिवली फास्ट' आला. वीस वर्षं झाली, सगळे अजून वाखाणतात, आणि संदीप कुलकर्णीने काम केलंयही तसंच. पण मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आताही म्हणतो: त्यातल्या माधव आपटेला ग्रुप नव्हता. गर्दीत इतका एकटा माणूस आमच्या डब्यात चार दिवस टिकला नसता. पाचव्या दिवशी त्याला कुणीतरी पत्ते पिसायला दिले असते.

आता तसे आपटे डबाभर दिसतात. कानात बोंडं, मान खाली. २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका झाली, १९१६ चा बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि फास्ट गाड्या मुंब्र्याच्या वळणावरून धावू लागल्या. ओरडायला अंधारच उरला नाही. आता आपोआप बंद होणारी दारं येणार म्हणतात. यावीत, लवकर यावीत. आमच्या वेळी ते काम शेठची मूठ करत होती आणि तो काही प्रत्येक डब्यात नव्हता.

मुंब्र्याच्या अपघाताच्या त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. दोन वर्षांत आमचं बोलणं नव्हतं.

"साब, दरवाजे में तो नहीं था ना?"

मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली. हे त्याला ठाऊक आहे. पेढे त्यानेच वाटले होते.