मुंगीची गाय आणि आपली म्हैस

बदलापूर गांवांतील आमच्या परसांत थंडीच्या दिवसांत वाल फुलावर आला, कीं कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटतो आणि त्यावर मुंग्यांची ये-जा सुरू होते. यंदा ती पाहतां पाहतां पुतण्यानें विचारलें, "काका, मुंग्या मावा पाळतात, तर माणसानें जनावरें पाळून खाल्लीं, त्यांत वावगें काय?"

प्रश्न पोरकट नव्हता. मावा वेलीचा रस शोषतो. त्या रसांत साखर पुष्कळ, परंतु नत्र थोडें. म्हणून रस फार प्यावा लागतो आणि उरलेली साखर गोड थेंबाच्या रूपानें बाहेर पडते. मुंगी स्पर्शिकांनीं माव्याला थोपटून तो थेंब टिपते व त्याच्यावर टपलेल्या ढालकिड्यांना हाकलून लावते. डार्विननें मुंग्या दूर करून केसानें माव्याला तसेंच गोंजारून पाहिलें. थेंब पडला नाहीं. मुंगी सोडतांच तो पडूं लागला, असें त्यानें १८५९ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. तथापि हा सौदा निर्मळ नाहीं. साखर पुरेशी मिळाली, कीं कांहीं मुंग्या माव्यालाच मारून खातात.

पण कांहीं जातींच्या मुंग्या परक्या वारुळावर धाड घालून तेथील कोष पळवितात आणि त्यांतून निघालेल्या मुंग्यांना जन्मभर राबवितात. तेंही आपण अनुकरणीय मानावें काय? मुंगीला निवड नाहीं, माणसाला आहे. सृष्टींत घडतें एवढ्यावरून कोणतीही गोष्ट न्याय्य ठरत नाहीं, असें सांगून मी विषय संपविला.

इतक्यांत दुधाचें पातेलें उतरवीत वहिनी म्हणाल्या, "भावजी, मुंगीचा दाखला मांसाहाऱ्यापेक्षां आपल्यालाच अधिक लागू पडतो. रेडकाचें काय होतें, तें आपण कधीं विचारलें?"

मी निरुत्तर झालों. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईला संरक्षण मिळालें, २०१५ मध्यें तें बैलांनाही मिळालें. रेडा मात्र त्या बंदीबाहेर राहिला. दूध न देणारें रेडकू पोसणें गवळ्याला परवडत नाहीं, आणि त्याचा खर्च आपण देत असलेल्या दरांत धरलेला नसतो. म्हणजे ज्या कत्तलीला आपण नाकें मुरडतों, तिच्याशीं आपला पेला जोडलेला आहे.

दूध आम्हीं सोडलेलें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं दूधवाल्याला तो प्रश्न विचारला. त्यानें मान खालीं घातली. प्रश्न विचारण्याची बुद्धि मुंगीपाशीं नाहीं. आपल्यापाशीं असून आपण ती वापरीत नाहीं, हाच काय तो दोष.