घरच्या वर्कशॉपसाठी वेल्डिंग: रॉडचं की मिग?

मशीन पाहायला दुकानात जाण्याआधी एक यादी करा: काय जोडायचं आहे, ते किती जाडीचं आहे आणि काम कुठे होणार आहे. निवड या तीन गोष्टींवर ठरते.

मूळ फरक

रॉडच्या वेल्डिंगमध्ये होल्डरमधला रॉड वितळून सांध्यात भरतो. त्यावरचा फ्लक्स जळून वायू तयार होतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून राखतो. वर जमलेली स्लॅग नंतर ठोकून काढावी लागते. मिगमध्ये टॉर्चमधून तार सतत पुढे येत राहते आणि संरक्षणाचं काम सिलिंडरमधला वायू करतो. लोखंडासाठी कार्बन डायऑक्साइड चालतो. स्लॅग जवळजवळ नसतेच.

जाडी

१६ गेजचा चौकोनी पाइप सुमारे १.६ मिमी जाड, १८ गेजचा १.२ मिमी. अशा पाइपवर २.५ मिमीचा रॉड जरा रेंगाळला की भोक पडतं. मिगची ०.८ मिमी तार कमी करंटवर चालते, म्हणून पातळ कामात हात लवकर बसतो. ३ मिमी आणि त्यापुढच्या अँगल-पट्टीला मात्र रॉड भरवशाचा. तिथे मिगचा करंट कमी पडला, तर सांधा वरून सुबक दिसतो, पण खालचा धातू वितळलेलाच नसतो. भार पेलणाऱ्या कामात हे धोक्याचं आहे.

जागा

गच्चीवर किंवा अंगणात वारा मिगचा वायू उडवून लावतो आणि सांध्यात बारीक छिद्रं पडतात. रॉड वाऱ्यात बराच तग धरतो, थोडा गंजही चालवून घेतो. मिगला धातू घासून स्वच्छ केलेलाच हवा. पावसाळ्यात रॉड दमट होतात. ते हवाबंद डब्यात ठेवावेत.

वीज आणि खर्च

६०१३ जातीचा २.५ मिमी रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो. चांगल्या इन्व्हर्टर मशीनला त्यासाठी घरातला १६ अँपिअरचा पॉइंट बहुधा पुरतो. ३.१५ मिमीचा रॉड चालवायचा असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून लाइन तपासून घ्या. रॉडचं मशीन स्वस्त आणि हलकं असतं. मिगला सिलिंडर, रेग्युलेटर, टिप आणि नोझल यांचा खर्च वाढतो. गॅसशिवाय चालणारी फ्लक्स-कोअर तारही मिळते. पण मशीनवर पोलॅरिटी बदलण्याची सोय आहे का, ते पाहून घ्या.

सुरक्षितता

हेल्मेट, चामडी हातमोजे आणि सुती कपडे दोन्हींत हवेतच. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर सांध्याजवळ घासून काढा. त्याच्या धुराने ताप येतो. बंद खोलीत वेल्डिंग करू नका.

मग काय घ्यावं?

वर्षातून चार-सहा कामं, तीही गेट, स्टँड किंवा दुरुस्तीची, असतील तर रॉडचं मशीन घ्या. आडोशाला बसून पातळ पाइपचं फर्निचर वारंवार करणार असाल, तर मिगचा जादा खर्च सार्थकी लागतो. मशीन कोणतंही घ्या, आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर सांधे घाला आणि ते वाकवून, तोडून पाहा. सांधा पक्का झाला की नाही, हे तोडल्यावरच नीट कळतं.