नगर आणि विद्यापीठ : यमुनाकाठची एक भागीदारी

दिल्लीकरांना यमुनेची आठवण बहुधा दोन प्रसंगी होते. छठपूजेच्या सुमारास नदीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो तेव्हा, आणि पावसाळ्यात नदी धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा. दि. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली आणि १९७८ च्या महापुरातील २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. त्याच दिवशी वजिराबाद, चंद्रावल व ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद ठेवावी लागली. रस्त्यावर कमरेएवढे पाणी आणि घरातील नळ मात्र कोरडा, अशी स्थिती राजधानीतील अनेक वस्त्यांनी अनुभवली.

अशा वेळी प्रशासनावर टीका होते, पाणी ओसरले की विषयही ओसरतो. मात्र याच नदीच्या काठी, वजिराबादच्या वरच्या अंगास जगतपूर गावाजवळ, गेली दोन दशके एक शांत काम चालू आहे. नगराचे नियोजन करणारी संस्था आणि नगरातील विद्यापीठ यांनी मिळून ते उभे केले आहे. सामायिक प्रश्नांवर शहर व विद्यापीठ एकत्र आले तर काय घडू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दोन संस्था, दोन प्रकारचे भांडवल

दिल्ली विकास प्राधिकरणाची स्थापना १९५७ मध्ये झाली. राजधानीतील जमिनीचे संपादन, नियोजन व विकास हे त्याचे मुख्य कार्य होय. दिल्ली विद्यापीठ त्याहून जुने, १९२२ मधील. प्राधिकरणाकडे जमीन व निधी होता. परंतु नापीक झालेल्या जमिनीवर पुन्हा अरण्य कसे उभे करावे, याचे शास्त्र नव्हते. विद्यापीठाकडे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पण प्रयोगशाळेबाहेर शेकडो एकरांवर काम करण्यास भूमी नव्हती. प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखालील विद्यापीठाच्या अवनत परिसंस्था पर्यावरण व्यवस्थापन केंद्राने ही उणीव भरून काढली. जमीन व खर्च प्राधिकरणाचा, आराखडा व शास्त्रीय देखरेख विद्यापीठाची, अशी कामाची वाटणी झाली.

व्यापारातील भागीदारीत एकाची रोकड आणि दुसऱ्याचे कसब एकत्र येते, तसाच हा व्यवहार. फरक इतकाच की, येथील नफा कोणत्याही एका भागीदाराच्या खात्यावर जमा होत नाही. तो सर्व नगरवासीयांचा असतो.

यमुना जैवविविधता उद्यान

या भागीदारीतील पहिले उद्यान म्हणजे यमुना जैवविविधता उद्यान. २००२ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. दोन टप्प्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ४५७ एकर आहे. पहिल्या टप्प्यातील जमीन नदीपासून तुटलेली व क्षार साठलेली होती. तेथे नेहमीची वृक्षलागवड केली असती तर बहुतेक रोपे जळून गेली असती.

म्हणून शास्त्रज्ञांनी क्रम बदलला. आधी खारवट जमिनीत तग धरणारी गवते व द्विदल वनस्पती लावल्या, जमिनीचा कस हळूहळू सुधारला आणि त्यानंतर वृक्षांच्या रोपांची पाळी आली. पाणी साठण्यासाठी तळी निर्माण करण्यात आली. नैसर्गिक अरण्यात उंच वृक्ष, मध्यम झाडे, झुडुपे व गवत असे थर असतात. येथेही तसेच थर रचण्यात आले. कालांतराने हिवाळी स्थलांतरित पक्षी तळ्यांवर उतरू लागले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर या उद्यानात चक्क बिबट्या आढळला. पुढील महिन्यात त्याला पकडून शिवालिकच्या जंगलात सोडण्यात आले. नदीकाठच्या वस्तीशेजारी बिबट्या राहणे लोकांना धास्तीचे वाटले यात नवल नाही; पण त्याला आडोसा वाटावा इतके अरण्य तेथे तयार झाले होते, हेही खरे.

खाणींच्या जागी अरण्य

दक्षिण दिल्लीत वसंत विहारजवळील अरवली जैवविविधता उद्यान सुमारे ६९२ एकरांवर पसरले आहे. येथे पूर्वी मुरूम व दगडाच्या खाणी होत्या. खाणकाम थांबल्यावर उरलेल्या खड्ड्यांभोवती विलायती किकराने ठाण मांडले. हे झाड झपाट्याने पसरते आणि आपल्या छायेत स्थानिक वनस्पतींना वाढू देत नाही. ते सरसकट तोडले असते तर जमीन उघडी पडून तिची धूप झाली असती. त्यामुळे किकराच्या फांद्या छाटून खालपर्यंत ऊन पोहोचू देण्यात आले. त्या उन्हात धौ, पळस, खैर, साळई अशी अरवलीची मूळ झाडे वाढू लागली. जुन्या खाणींच्या थंड, सावलीच्या खोलगट भागांत नेचे व ऑर्किड यांचे संवर्धन करण्यात आले. खाणीने जो दोष निर्माण केला, त्याचाच असा उपयोग झाला.

आज यमुना व अरवली यांसह नॉर्दर्न रिज, तिलपत व्हॅली, नीला हौज, तुघलकाबाद व कालिंदी अशी सात जैवविविधता उद्याने या कार्यक्रमात आहेत. त्यांपैकी नीला हौज हे वसंत कुंज परिसरातील छोटे तळे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. सांडपाण्याने ते निकामी झाले होते. शास्त्रज्ञांनी तेथे पाणथळ जागेच्या धर्तीवर शुद्धीकरणाची व्यवस्था उभारली. सांडपाणी आधी एका कुंडात स्थिरावते, मग दगडगोट्यांच्या चरांतून वाहते आणि शेवटी पाणवनस्पतींच्या मुळांतून गाळले जाऊन तळ्यात येते. मुळांभोवतीचे सूक्ष्म जीव त्यातील घाण खाऊन टाकतात. मोठी यंत्रे नाहीत, विजेचे मोठे देयकही नाही.

ताळेबंदात न दिसणारी मत्ता

दिल्लीसारख्या शहरात जमिनीचे मोल सर्वांना ठाऊक आहे. मग शेकडो एकर जमीन झाडांसाठी व तळ्यांसाठी का ठेवावी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी क्रीडाग्राम यमुनेच्या पूरमैदानावरच उभारले गेले, तेव्हाही हा वाद झाला होता.

याचे उत्तर पूरमैदानाच्या रचनेत आहे. नदीकाठी वाळूचे जाड थर असतात. पावसाळ्यात नदी पसरली की हे थर पाणी शोषून घेतात, त्यामुळे पुराचा जोर काहीसा ओसरतो आणि भूजलाची भर होते. पुढे उन्हाळ्यात तेच पाणी उपयोगी पडते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही नगराची आवर्ती ठेव आहे. दर पावसाळ्यात हप्ता भरला जातो आणि टंचाईच्या दिवसांत ती हाताशी येते. तेथे सिमेंट ओतले की इमारतीचे मूल्य ताळेबंदात दिसते, पण बुडालेली ठेव कोठेच नोंदली जात नाही. २०२३ च्या जुलैमध्ये तिची थोडीशी जाणीव झाली.

पुण्याचा अनुभव

असे सहकार्य वनस्पतिशास्त्रापुरते मर्यादित नाही. पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या महिलांबरोबर काम करीत होत्या. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढे या महिलांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याच्या कामासाठी तिच्याशी करार केला. ज्यांना कचराकुंडीजवळून हाकलले जाई, त्या महिला ओळखपत्र घेऊन इमारतींच्या दारात येऊ लागल्या. विद्यापीठाचा अभ्यास, कष्टकऱ्यांचा अनुभव आणि महापालिकेचा अधिकार या तिन्हींचा त्यात वाटा होता.

भागीदारी टिकते कशी?

या दोन्ही उदाहरणांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे जबाबदारीची लेखी वाटणी. जमीन कोणाची, खर्च कोणाचा, तांत्रिक निर्णय कोणाचा हे ठरलेले असले की कुरबुरी कमी होतात. दुसरी म्हणजे मुदत. फळबागेसाठी कर्ज देताना झाडे फळास येईपर्यंत हप्त्यात सवलत दिली जाते. अरण्याला तर त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. अधिकारी बदलतात, कुलगुरू बदलतात, अंदाजपत्रक वर्षागणिक मांडले जाते; झाड मात्र आपल्याच गतीने वाढते. तिसरी गोष्ट म्हणजे नागरिकांचा सहभाग. गुरुग्राममध्ये याच नावाचे एक वेगळे अरवली जैवविविधता उद्यान आहे. ते नागरिकांच्या संस्थेने महानगरपालिकेच्या सहकार्याने फुलविले आणि त्याच्या उभारणीत उद्योगसंस्था व सामान्य रहिवासी यांनी हातभार लावला.

या प्रयत्नांच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. सात उद्यानांनी यमुना निर्मळ झालेली नाही. वजिराबाद ते ओखला हे सुमारे २२ किलोमीटरचे अंतर नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण तिच्यातील प्रदूषणाचा फार मोठा भार याच टप्प्यात पडतो. नाल्यांतून येणारे सांडपाणी अडविल्याखेरीज काठावरची झाडे नदीला वाचवू शकणार नाहीत. तथापि नापीक जमीन पुन्हा सजीव होऊ शकते, सांडपाण्याचे तळे पुन्हा निवळू शकते, हे या भागीदारीने दाखवून दिले आहे.

राजधानीत राहणाऱ्या वाचकांनी हिवाळ्यातील एखाद्या रविवारी मुलांसह यमुना किंवा अरवली उद्यानास अवश्य भेट द्यावी. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीचे महत्त्व सांगताना नेहमी वापरली जाते. तेथे ती शब्दशः खरी झालेली पाहावयास मिळते.