डेथ व्हॅलीच्या पायवाटा : आधी उंची पाहा, मग वाट धरा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व सीमेलगत, पॅनामिंट आणि अमार्गोसा या पर्वतरांगांच्या मध्ये डेथ व्हॅली ही वाळवंटी दरी पसरली आहे. १९९४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या या प्रदेशात पदभ्रमंतीसाठी जगभरातून पर्यटक येतात. मात्र येथे कोणत्या महिन्यात कोणती वाट धरावी, हे त्या वाटेच्या उंचीवर ठरते. हा हिशेब चुकला तर प्रसंग जिवावर बेततो.

दरीतील बॅडवॉटर हा मिठाचा सपाट प्रदेश समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, तर पश्चिमेकडील टेलिस्कोप पीक हे शिखर ३,३६८ मीटर उंच आहे. दर हजार मीटर चढाईमागे तापमान साधारण साडेपाच ते नऊ अंशांनी उतरते. त्यामुळे तळ भट्टीसारखा तापलेला असतानाही शिखरावरची हवा सुखद असू शकते.

दरी एवढी तापते का?

प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प सिएरा नेवाडा आणि इतर रांगांवरच रिते होते. सह्याद्रीच्या पूर्वेस माणदेश कोरडा राहतो, त्याचेच हे अधिक तीव्र रूप. दरीत वर्षाला सरासरी जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडतो. उघड्या जमिनीवरून तापून वर गेलेली हवा डोंगरांच्या कोंडीत अडकते आणि खाली उतरताना दाबली जाऊन पुन्हा तापते. १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीक येथे नोंदले गेलेले ५६.७ अंश सेल्सिअस हा अधिकृत जागतिक उच्चांक आहे.

हिवाळ्यातील वाटा

नोव्हेंबर ते मार्च हा तळातील वाटांचा काळ. गोल्डन कॅन्यनमधून रेड कॅथीड्रल या लाल कड्यापर्यंत जाऊन येण्यास सुमारे पाच किलोमीटर चालावे लागते. मोझॅक कॅन्यनच्या अरुंद घळीत पुराच्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेला संगमरवर दिसतो. मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर आखलेली वाट नाही. तेथे सकाळ किंवा संध्याकाळच उत्तम. पावसाची चिन्हे दिसताच घळीत शिरू नये. १९७६ च्या पुराने गोल्डन कॅन्यनमधील डांबरी रस्ताच उखडून टाकला होता.

उन्हाळ्यातील वाटा

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तळात पायी फिरू नये, असा उद्यान प्रशासनाचा इशारा आहे. जुलै २०२४ मध्ये मेस्किट फ्लॅटच्या वाळूत एका पर्यटकाचे पाय गंभीररीत्या भाजले. तापून विरळ झालेल्या हवेत हेलिकॉप्टरला पुरेसा आधार मिळत नसल्याने ते तेथे उतरू शकले नाही. जखमीला आधी रुग्णवाहिकेने उंचावर न्यावे लागले.

या दिवसांत टेलिस्कोप पीकची वाट योग्य ठरते. जाऊन-येऊन सुमारे साडेबावीस किलोमीटरची ही चाल दिवसभराची असून वाटेत प्राचीन ब्रिसलकोन पाइन वृक्ष भेटतात. हिवाळ्यात मात्र हीच वाट बर्फाखाली जाते.

उंचीचा हा हिशेब नवा नाही. येथील मूळ रहिवासी टिंबिशा शोशोनी पिढ्यानपिढ्या हिवाळा दरीत आणि उन्हाळा पॅनामिंटच्या उंचावर काढत. दरीला ‘मृत्यू’चे नाव मिळाले ते १८४९-५० मध्ये वाट चुकून येथे अडकलेल्या सोनेशोधकांमुळे. आजच्या प्रवाशाने दिवसाला माणशी किमान चार लिटर पाणी बाळगावे आणि मोबाईलवर विसंबू नये; उद्यानाच्या बहुतांश भागात तो चालत नाही.